मागचा दिवा, अर्थ नाही

अर्थ नाना माणसाला रामराम घालायच्या आधी त्याच्या गाडीचा मागचा दिवा बघायचे. तालुक्याचा पुढारी का येईना, नाना आधी वाकून गाडीच्या मागं. आळेफाट्याला आमच्या ट्रेलरच्या यार्डात ते वायरमन होते आणि मी सुपरवायझर. सहा वर्षं आम्ही एकत्र काढली. म्हणूनच पुढचं लिहिताना माझी मलाच लाज वाटते. पण लिहितो.

'अर्थ' हे नाव त्यांना ड्रायव्हर लोकांनी पाडलं. बॅटरीतला करंट वायरीतून दिव्यापर्यंत येतो, पण परत जातो तो गाडीच्या लोखंडातून. दिवा त्या लोखंडाशी जिथं जोडलेला असतो, त्या जोडाला आमच्या धंद्यात अर्थ म्हणतात. तो गंजला की दिवे वेड्यासारखे वागतात. ड्रायव्हर येऊन सांगायचा, "नाना, बल्ब गेला." नाना म्हणायचे, "गेला कुठं? हितंच तर हाय. आधी अर्थ बघू." बहुतेक वेळा बल्ब शाबूत निघायचा. मग नाना रंग खरवडून लोखंड उघडं करायचे आणि नवा जोड घट्ट आवळायचे.

एक दिवा लावून 'झालं' म्हणणाऱ्याचा त्यांना भारी राग. मागचे दिवे, इंडिकेटर, ब्रेक, सगळं एकदम चालू करायला लावायचे. "एकेकटा दिवा कुणाचाबी लागतोय, राव. समदे एकदम लावा, मंग खोट कळती." आणि खरंच, ब्रेक दाबला की मागचे दिवे मंदावायचे, इंडिकेटरबरोबर भलताच दिवा लुकलुकायचा. आम्ही हसायचो. नाना हसत नसत, वही काढत.

वही हा त्यांचा दुसरा हट्ट. तक्रार, तपास, काम असे तीन रकाने, स्वतः पट्टीनं आखलेले. कुठं 'ओके' लिहिलेलं दिसलं की पिसाळायचे. मी एकदा घाईत तसं लिहिलं, तर अख्खं पान पुन्हा लिहायला लावलं. "ओके म्हंजे काय, भाऊ? काय बघितलं ते लिवा. उद्या आपून नसलो, तर वहीनं बोललं पायजे."

वही बोलली हो. मीच तिचं तोंड दाबलं.

त्या दिवशी कांद्याचा ट्रेलर भरून उभा होता. ब्रेक दाबला की मागचे सगळे दिवे विझतात, अशी ड्रायव्हरची तक्रार. नानांनी तपासाच्या रकान्यात लिहिलं, 'अर्थ नाही.' कामाचा रकाना कोरा ठेवला आणि वायर आणायला बाजारात निघाले. "मी येईस्तवर गाडी हलवू नका," मला सांगून गेले. तेवढ्यात साहेबांचा फोन, गाडी अजून का निघाली नाही? म्हटलं, दिवसाउजेडी जाईल निघून. मी गाडी सोडली. फाट्याबाहेर पडते न पडते तोच तिचा टायर फुटला आणि तो बदलण्यातच दिवस मावळला. पुढं पिंपळवंडीच्या अलीकडे ड्रायव्हरनं ब्रेक दाबला, आणि मागून येणारा एक मोटारसायकलवाला त्या बिनदिव्याच्या ट्रेलरवर जाऊन आदळला. जीव वाचला त्याचा, पाय गेला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी वही उघडली. "'अर्थ नाही.' म्हणजे ड्रायव्हरच्या तक्रारीला काही अर्थ नाही, असंच ना?" त्यांनी मला विचारलं. नाना माझ्या शेजारी उभे होते. मला अर्थ ठाऊक होता. सहा वर्षं दुसरं ऐकलं काय होतं? पण नोकरी डोळ्यांसमोर आली आणि मी म्हणालो, "हो."

"साहेब, अर्थ म्हंजे..." नानांनी तोंड उघडलं.

"आता तुम्ही आम्हाला शब्दांचे अर्थ शिकवणार?" साहेब म्हणाले. त्यांनाही तेच हवं होतं. नानांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मी वहीकडं बघत राहिलो. त्याच दुपारी त्यांना कामावरून काढलं. माझी नोकरी राहिली, अजून आहे. नवा वायरमन आला, तो सगळ्या गाड्यांपुढं 'ओके' लिहितो आणि मी खाली सही करतो. थू माझ्या जिंदगानीवर.

वर्षभरानं धीर करून मोटारसायकलवर ओझरला गेलो. देवळाच्या रस्त्याला टपरी टाकून नाना दुचाक्यांचे दिवे दुरुस्त करत होते. मी गाडी लावली. त्यांनी आधी मागचा दिवा बघितला, मग मला. "ब्रेक दाबा," म्हणाले. दाबला, दिवा लागला नाही. ते खाली बसून कामाला लागले. मी बोलत सुटलो. तो 'हो', ती भीती, सगळं ओकलो, रडलोही. ते पान्यानं जोड आवळत राहिले. मग वही काढली. तेच तीन रकाने. लिहून पान फाडून माझ्या हातात दिलं. 'तपास: दिव्यापासून गाडीच्या लोखंडाला जाणारी वायर तुटली. काम: नवी जोडली. दिवा लागतो.'

"एवढं लांबण कशाला, नाना? नुसतं 'अर्थ नाही' लिहायचं," काहीतरी बोलायचं म्हणून मी बोललो.

"त्यो शबुद सोडला म्या," नाना म्हणाले. "अडाणी ड्रायव्हरांना कळायचा. शिकल्याल्या मानसांचं काय सांगावं?"