एक लाख तीन

लढाईच्या दिवसांत मी कर्जतजवळच्या एका गावात शिक्षक होतो. सहावीत कोंडाणे लेण्यांच्या बाजूची, शेतकऱ्याची एक मुलगी होती. तिला प्रश्न फार पडत. मूळ संख्या शिकवताना तिने तिसऱ्यांदा हात वर केला तेव्हा मी वैतागलो आणि फळ्यावर सुचेल तो आकडा लिहिला. एक लाख तीन. "याला कशाने भाग जातो ते शोधून आण. तोवर बोलायचं नाही." ती गप्प बसावी, एवढाच हेतू होता. उत्तर मलाही ठाऊक नव्हतं.

आठ दिवसांनी तिने वाण्याच्या पुड्यांचे कागद माझ्यापुढे ठेवले. दोन्ही बाजूंनी भागाकार.

"कशानंच जात नाय, गुरुजी. मूळ संख्या हाय ही."

"तीनशे तेरापाशीच थांबलीस? पुढचे कोण करणार?"

"पुढं नको. तीनशे सतरानं भागलं तर उत्तर तीनशे पंधराच येतंय, भागणाऱ्याहून लहान. आता पुढच्या कुनानं भाग गेला असता, तर त्याचा लहान जोडीदार आदीच घावला असता की."

मला ते कळलं नाही. वर्ग माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "आळसाला कारणं पुष्कळ सापडतात. सगळे करून आण." मुलं हसली. तिने कागद गोळा केले. पुढच्या आठवड्यात ती शाळेत आलीच नाही.

एका दुपारी रिकाम्या वर्गात मी छत्तीस घेऊन बसलो. दोन आणि अठरा, तीन आणि बारा, चार आणि नऊ, सहा आणि सहा. त्यापुढे त्याच जोड्या उलट्या. माझे कान तापले.

दुसऱ्या दिवशी तिच्या घरी चालत गेलो. बाप अंगणात होता.

"काढली तिला शाळेतनं," तो म्हणाला. "एका आकड्यापायी गुरं सोडून भिंतीवर लिवत बसती."

गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने बाक्या लिहिलेल्या होत्या, ओळीवर ओळी. ती शेणाची पाटी घेऊन बाहेर आली.

"पाचशे तेवीसपर्यंत झालं, गुरुजी. आजून नाय जात."

बापाने विचारलं, "चुकतंय का तिचं?"

तिचं बरोबर आहे, चूक माझी, तिला शाळेत पाठवा. एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "तसं काही नाही. असू दे आता." कोरा चहा पिऊन परत आलो.

पुढे दरवर्षी मी वर्गात हीच रीत शिकवली. तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा विचारलं, "कुठे थांबायचं ते छान सांगता. कुठून आणलंत?"

"सुचलं, साहेब."

तिचं लग्न खालापूरकडे झाल्याचं कानावर आलं. माझी बहीण तिथेच दिली होती. दर दिवाळीला मी जात असे. घर शोधणं अवघड नव्हतं. मी कधी विचारलं नाही.