फाइलमध्ये नसलेलं गाव

जुन्या कागदाचा कुबट वास आला की मला परदेशात, श्रूजबरी गावात राहत असतानाची एक बर्फाळ दुपार आठवते. माझे पणजोबा इंग्रजांच्या काळात सरकारी मोजणीदार होते. धरणासाठी गावं मोजून दिल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि धरणग्रस्तांची बाजू मांडणारं वर्तमानपत्र काढलं. त्या अंकांची बांधीव फाइल मी पुण्याहून आणली होती आणि शेजारच्या काकूंना कौतुकाने दाखवत होते. काकूंनी विचारलं, "यात आमच्या आजीचं गाव असेल का गं? त्याच धरणात गेलं ते. नीट चेक कर हं." आम्ही दोघींनी पान न् पान पाहिलं. अग्रलेख होते, सरकारला विचारलेले जळजळीत सवाल होते, पण त्या गावाचं नाव कुठेच नव्हतं. काकूंनी फाइल हलकेच मिटली. "आजी सांगायची, मोजणीदार आमच्या ओट्यावर बसून पाणी प्यायले होते. मोजताना एकही घर सुटलं नाही त्यांच्याकडून." काकूंना जाऊन आता चार वर्षं झाली. कुणी पणजोबांविषयी विचारलं, तर मी 'मोजणीदार होते' एवढंच सांगते, वर्तमानपत्राचं सांगत नाही.