मावशीचे अडतीस मार्क

अपयश नव्या शालूसारखं अंगावर मिरवणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं, ते म्हणजे माझी धाकटी मावशी. नव्वदच्या दशकात मी निपाणीहून बंगळूरला कायदा शिकायला गेले आणि जयनगरला तिच्याकडे राहिले. पहिल्याच दिवशी वर्गात पाहते तर मावशी शेजारच्या बाकावर! काकांचं कापडाचं दुकान उत्तम चाललेलं, लेक कॉलेजात, आणि बेचाळिशीतल्या या बाई ॲडमिशन घेऊन मोकळ्या. घरी विचारलंस का, म्हटल्यावर म्हणाली, "विचारलं असतं तर नको म्हणाले असते. मग मला त्यांचा शब्द मोडावा लागला असता. उगीच कशाला?"

भांडणात तिची एक भलतीच खोड होती. समोरच्याची बाजू ती आधी स्वतःच मांडायची, तीही त्याच्यापेक्षा झकास. शेजारच्यांचे नारळ आमच्या अंगणात धबाधब पडत. आम्ही तक्रार केल्यावर शेजारी तावातावानं आले, तर मावशीनं माडाचीच वकिली सुरू केली. बिचारा झुकलाय तो ऊन शोधत, त्यात तुमचा काय दोष, वगैरे वगैरे. शेजारी इतके ओशाळले की दुसऱ्या दिवशी त्यांनीच नारळ उतरवून घेतले.

पहिल्या वर्षाचा निकाल लागला आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. करार कायद्यात मला एकेचाळीस मार्क. पहिला वर्ग हुकला तर परत यायचं, असं बाबांनी बजावलेलं. मी खांबाआड रडत होते. तेवढ्यात मावशीचा आवाज घुमला, "मला अडतीस!" साऱ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असा. वाटेत तिनं मैसूरपाक घेतला आणि फुलवालीपासून काकांच्या दुकानातल्या अण्णांपर्यंत सगळ्यांना आपला आकडा सांगत वाटला. "फर्स्ट क्लासा, अक्का?" फुलवालीनं विचारलं. "इल्ला, स्वल्पात वाचले," मावशी मान हलवत म्हणाली, थोडक्यात वाचले हे तिच्या कानडी-मराठीत.

मग मला ओढत तिनं एसटीडी बूथ गाठला. "दाजी, पोरीला कमी मार्क पडलेत. मला तिच्याहून कमी. तिला परत न्यायची असेल तर आधी मला न्यायला लागेल." मावशीनं माझा हात घट्ट धरला होता आणि तिचा तळवा घामानं ओला झाला होता. शेवटी बाबा म्हणाले, "एक वर्ष बघू." उरलेला मैसूरपाक मी बूथमध्येच संपवला.

तिला एवढ्यानं थोडंच पुरतंय? दुसऱ्या सकाळी आम्ही प्राध्यापकांच्या दारात. मार्क वाढवून मागायला आल्या असं समजून त्यांचा चेहरा आंबट झाला. "मार्क राहू देत, सर," मावशी म्हणाली, "माझं चुकलं कुठं, तेवढं सांगा." प्रश्न होता, सोळा वर्षांच्या मुलानं स्वतःची सायकल विकायचा करार केला, तर तो टिकेल का? मावशीनं चार पानं भरून लिहिलं होतं, आधी त्याच्या आईला बोलवा आणि मुलाला नड कसली आहे ते विचारा.

सर हसत सुटले. म्हणाले, "बाई, मी कायदा विचारला होता. तुम्ही संसार लिहिलात."

"सरी, ठीक आहे," मावशी म्हणाली, "आता कायदा शिकवा. संसार मला येतो."

आणि सरांनी खरोखर शिकवला. वर्षभर दर रविवारी, दोघींना, कॉफीसकट. माझा पहिला वर्ग पुढच्या वर्षी आला. मावशीचा कधीच आला नाही, पण सनद घेऊन तिनं वीस-बावीस वर्षं कोर्टात नवराबायकोंची भांडणं चालवली, आणि त्यातली कितीतरी जोडपी पायऱ्यांवरूनच घरी पाठवली.

आता ती लेकीकडे बेळ्ळंदूरला असते. डोळ्यांनी वाचवत नाही, म्हणून मी गेले की कोर्टाचं एखादं निकालपत्र वाचून दाखवते. परवा वाचता वाचता पाहिलं, तिचे डोळे मिटलेले, मान कललेली. किती लहान दिसत होती त्या खुर्चीत. मी हळूच कागद मिटले.

"हं," डोळे न उघडताच ती म्हणाली, "पुढं?"