शेगडी हलते

सोसायटीने भिंत नुकतीच रंगवल्यामुळे केबलला बंदी होती, म्हणून आम्ही बिनतारी इंटरनेट घेतलं. ते बसवायला आलेला माणूस मोबाईल आरतीसारखा ओवाळत घरभर फिरला. रेंज सापडली ती फक्त स्वयंपाकघरात, ओट्यापाशी. मुलीची नोकरीची ऑनलाइन मुलाखत पाच मिनिटांवर आलेली, म्हणून ती तिथेच बसली; नेट तुटलं तर म्हणून त्या माणसालाही थांबवलं.

"कुकरने शिट्टी मारली तर?" बायको कुजबुजली. नेटवाल्याने गॅस बंद केला.

मुलाखत झाल्यावर मुलगी म्हणाली, "मिळाली तर रोज घरूनच काम!"

"मग मी रांधू कुठे गं?" बायकोने विचारलं.

पिशवी उचलत नेटवाला म्हणाला, "काकी, नेट हलत नाय. शेगडी हलते."

नोकरी मिळाली. हल्ली मी हॉलमध्ये शेगडीपाशी डोळे पुसत कांदे चिरतो. पाहुणे हळूच विचारतात, "कोण गेलं?"