विरजणवाल्या मावशी

येडशीच्या रोपवाटिकेतल्या मावशी रोपाच्या प्रत्येक पिशवीत शेवटी एक मूठ वेगळी माती टाकत. ती माती ओल्या गोणपाटाखाली घमेल्यात झाकून ठेवलेली असे. रामलिंगच्या जंगलातल्या जुन्या धावड्याच्या झाडांखालून त्या ती स्वतः आणत आणि तिला विरजण म्हणत. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, "दूध कितीबी चांगलं असू द्या बाई, विरजनाबिगर दही लागत न्हाय."

मी तेव्हा जंगलातल्या मातीतल्या कार्बनवर पीएचडी करत होते. झाडांच्या मुळांशी केसाहून बारीक बुरशी राहते. झाड हवेतला कार्बन घेऊन साखर करतं, त्यातली थोडी तिला देतं. ती लांबून पाणी, खनिजं आणून देते. त्या कार्बनपैकी काही ती श्वासावाटे परत सोडते, काही तिच्या धाग्यांबरोबर मातीत अडकून वर्षानुवर्षं राहतो. एवढं समजायला मला दोन वर्षं आणि एक शिष्यवृत्ती लागली. मावशी शाळेची पायरी चढल्या नव्हत्या, तरी मी हे सांगत असताना त्या माझी चूक सुधारायची वाट बघत असल्यासारख्या ऐकत.

माती पारखायची त्यांची एक रीत होती. पाण्याच्या एका पेल्यात शेतातलं ढेकूळ सोडायचं, दुसऱ्यात धावड्याखालचं. शेतातलं विरघळून तळाशी बसे, जंगलातलं चहा पिऊन होईपर्यंत तसंच राही. "हिला कुनीतरी धरून ठेवलंय," त्या म्हणत. कुणी, हे मी लॅटिन नावांसकट सांगे. त्या मान डोलवत आणि ते नाव पुन्हा कधी उच्चारत नसत.

एका उन्हाळ्यात मी चाळीस झाडांखालची माती गोळा केली आणि रोपवाटिकेच्या खोलीत वर्तमानपत्रांवर वाळत घातली. मग तापानं आठ दिवस घरी पडले. परत येऊन बघते तर चाळीसही ढीग ओलसर, वर गोणपाट. मावशी सकाळ-संध्याकाळ त्यांवर पाणी शिंपडत होत्या. विचारल्यावर त्या सहज म्हणाल्या, "जिती हाय म्हनून तर पानी पाजलं. वाळली की मरती ना ओ ती."

मातीतल्या जीवांनी पाणी मिळाल्यावर आठ दिवसांत काय काय खाल्लं आणि किती कार्बन हवेत सोडला, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. माझे आकडे गेले. महिन्याभरात अहवाल दिला नसता तर शिष्यवृत्तीही गेली असती. मी तोंडाला येईल ते बोलले. तुम्हाला काय कळतं, म्हणाले. शेवटी म्हणाले, "तुम्ही माझं वर्ष मातीत घातलंत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी टोपलं आणि खुरपं घेऊन फाटकाशी उभ्या होत्या. माझ्या वहीत झाडांचे क्रमांक होते, त्यांना झाडंच पाठ होती. गुडघे सुजलेले, त्यामुळे उतारावर त्या बसत बसत सरकायच्या. तीन दिवसांत चाळीस झाडं झाली. या वेळी माती त्यांनीच पसरली, त्यांनीच खिडक्या उघडल्या, आणि ती वाळेपर्यंत त्या खोलीसमोरून तोंड फिरवून जात राहिल्या. पहिल्या ढिगांचं काय करू, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी वहीतून मान वर न करता 'टाकून द्या' म्हटलं.

माझा अहवाल वेळेवर गेला. पुढच्या वर्षी मावशींनी मला स्टेशनपलीकडच्या उजाड माळावर नेलं. आवळा, खैर आणि शिसवाची गुडघाभर रोपं रांगेत उभी होती. माझे टाकून दिलेले चाळीस ढीग त्यांनी मूठमूठ करून या रोपांच्या पिशव्यांत घातले होते. "साल मातीत घातलं म्हनला होता न्हवं?" त्या म्हणाल्या. "उगवलंय बगा." त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच वाटत होतं की माझं काही हरवलं होतं आणि ते त्या परत देत आहेत.

तेव्हा माझं चुकलं म्हणायला हवं होतं. मी गुडघे कसे आहेत एवढंच विचारलं. चालतंय, म्हणाल्या. दोन वर्षांनी त्या गेल्याचं मला कळलं तेव्हा त्यांचा दहावाही होऊन गेला होता. मी खूप रडले, पण ते त्यांच्या काही उपयोगाचं नव्हतं.

आता मी महाविद्यालयात शिकवते आणि दर वर्षी विद्यार्थ्यांना येडशीला नेते. माळावरची ती झाडं डोक्याच्या वर गेली आहेत. त्यांच्याखाली किती कार्बन साठला असेल, हे मोजू या, असं मुलं दर वर्षी म्हणतात. प्रश्न चांगला आहे, एखादा शोधनिबंधही होईल. पण मोजायचं तर ती माती आधी वाळवावी लागते, आणि ते माझ्या हातून होत नाही.