नर्सबाई आल्याचा ठराव

आमच्या आमदारांनी नागपूरच्या अधिवेशनात आमच्या गावाचं नाव घेतलं, हे अगदी खरं आहे. मी माझ्या कानांनी ऐकलं, मुलाच्या मोबाइलवर. सभागृहात उभे राहून ते म्हणाले, या गावात आरोग्य उपकेंद्राची इमारत बांधून, रंगवून तयार आहे, पण नर्स नाही म्हणून तिला कुलूप आहे. मंत्री उठले, जागा लवकरच भरू म्हणाले आणि बसले. बास, एवढंच. पण मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मी तो व्हिडिओ पाच-सहा वेळा लावायला लावला.

आनंदाला कारण घरातलंच होतं. धाकट्या सुनेला दिवस गेले होते. तिला आई नाही, म्हणजे पहिलं बाळंतपण असलं तरी माहेरी जायची सोय नाही, सगळं आमच्याकडेच. त्यात तिचं बीपी वाढायला लागलेलं. तपासायचं तर जीपनं तालुक्याला, आणि तो रस्ता असा की धडधाकट माणसाच्याही पोटातलं पाणी हलावं. उपकेंद्र आमच्या घरापासून हाकेवर. तिथं नर्सबाई असती तर सून चपला घालून चालत गेली असती, हाताला पट्टा बांधून घेऊन परत आली असती.

त्यात जानेवारीची ग्रामसभा आली. आमदारांच्या अभिनंदनाचा ठराव घ्यायचा ठरलं. बचत गटाची थोरली बाई म्हणून सूचक मी. भाऊसाहेब, म्हणजे आमचे ग्रामसेवक, लिहीत होते, 'अधिवेशनात प्रश्न मांडल्याबद्दल.' मी म्हटलं, "नुस्तं मांडल्याबद्दल काय, भाऊसाहेब? नर्सबाई मिळवून दिल्याबद्दल लिवा की."

"मावशी, अजून आलीय कुठं?"

"येती की. आधी हार घातला, की माणसाला शरम ऱ्हाती. मग काम करावंच लागतं."

सगळे हसले. पण हे मी उगीच बोलले नव्हते, आमच्याकडं असंच चालतं. गवंडी पाया खणायला आला की पहिल्याच दिवशी त्याला म्हणायचं, घर लई बेस बांधलंत. माझ्या सासऱ्यांनी एकदा शिलाई मशीन घेऊन देतो म्हटलं, तर मी दुसऱ्या दिवशी भावकीतल्या सगळ्या बायकांना सांगून आले, मामंजींनी मशीन दिलं. बायका त्यांना विचारायला लागल्या, कसलं मशीन, पायाचं का हाताचं? पंधरा दिवसांत मशीन दारात. त्या एका मशीनवर मी दोन पोरं शिकवली. मग आमदाराला का नाही लागू पडणार? भाऊसाहेबांनी मी सांगितलं तसं लिहिलं, हात वर झाले, ठराव मंजूर. उपकेंद्राच्या पायरीवर ठरावाचा कागद धरून माझा फोटोही काढला.

महिन्याभरानं आमदारांच्या कामगिरीची पुस्तिका घरोघर आली. गुळगुळीत कागद, वर ते सभागृहात हात उंचावून बोलताहेत. किती प्रश्न, किती लक्षवेधी, कुठला पूल, कुठली शाळा. चाळता चाळता मीच समोर आले! डोक्यावर पदर, हातात कागद. खाली छापलेलं, 'उपकेंद्रास नर्स मिळवून दिली. ग्रामस्थांनी ठराव करून आभार मानले.' मी सुनेला दाखवायला धावले.

ती भाजी निवडत बसली होती. तिनं वाचलं, सुजलेल्या पायांकडं पाहिलं आणि म्हणाली, "आत्या, नर्सबाई आल्यात व्हय? मग उद्या मला जीपनं कशाला नेताय? हितंच जाते की."

चेष्टाच होती ती. पण मी पुस्तिका तशीच हातात घेऊन निघाले. आशाताईला, म्हणजे गरोदर बायांच्या नोंदी ठेवणाऱ्या आमच्या गावच्याच बाईला, विचारलं. तिनं तालुक्याला फोन लावला आणि तोंड पाडून सांगितलं, "काकू, नर्स नसलेल्या गावांच्या यादीतनं आपलं गाव काढलंय. ग्रामसभेच्या ठरावाची प्रत गेलीय तिकडं. नर्स मिळाली, असं गावानंच लिहून दिलंय म्हणतात."

त्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. चुलीवर आधण ठेवायचं आणि पत्ती घालायला विसरायचं. बसले की उठायचं, उठले की उपकेंद्राकडं चालत जायचं, खिडकीतून आत बघायचं. आत काय, एक टेबल आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली खाट. सुनेच्या पायांकडं बघायला धीर होईना. मशीन मागताना फसलं असतं, तर फार तर मशीन नसतं मिळालं. हे तसं नव्हतं. तिच्यासाठी म्हणून केलं आणि तिच्याच वाटेत धोंडा टाकला.

भाऊसाहेबांना गाठलं. म्हटलं, खोडा ती ओळ. ते म्हणाले, "मावशी, प्रोसिडिंग हाय ते, वही न्हाय. ग्रामसभेचा ठराव ग्रामसभेनंच फिरवायचा."

मग बचत गटाच्या बायकांना घेऊन दारोदार फिरले, सह्या गोळा केल्या, सरपंचांच्या ओट्यावर ठाण मांडून बसले. कशीबशी सभा लागली. कुजबुज आधीच सुरू होती. एक जण उठून म्हणाला, "काकू, आमदार नाराज झाले तर? आपला रस्ता ऱ्हायलाय अजून." दुसरा म्हणाला, "तवा लिवा म्हणायचं, आता खोडा म्हणायचं. तुमच्या घरचं कार्य हाय का ह्ये?"

टोमणा बरोबरच होता. मी म्हटलं, "खोटं मी लिवायला लावलं. तुमी नुस्तं हात वर केलं. माझी सून सातव्यात हाय, तिच्या मागं गावात अजून तिघी हायत. रस्ता मागू, पन तवर ह्यांना काय सांगू? पुस्तिका वाचत बसा म्हणू?"

बायका आधी हसल्या आणि मग त्यांचेच हात आधी वर गेले. नवा ठराव दोन ओळींचा झाला. आमदारांनी प्रश्न मांडला, त्याबद्दल आभार. नर्स आलेली नाही, उपकेंद्र बंद आहे.

संध्याकाळी आमदारांचा स्वतःचा फोन आला. "मावशी, असं कसं केलंत? पुस्तिका घरोघर गेलीय. मी काय खोटं बोललो का? प्रश्न मी मांडला होता."

"मांडलात की, साहेब. पाच-सहा वेळा बघितलंय म्या. तुमच्या कामाचं आभार तसंच ठेवलेत. खोटं ते माझं हुतं, तुमी छापलं."

मग ते म्हणाले, "सूनबाईंना कितवा?" मी सांगितलं. "बघतो," म्हणाले. रागानं म्हणाले की मनापासून, ते फोनवर कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुनेला तपासायला नेलं तेव्हा ठराव बरोबर घेतला. बीपी पुन्हा वरच होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दर दोन दिवसांनी बघायला हवं. दर दोन दिवसांनी, त्या जीपनं! तिला बाकावर बसवून मी शेजारच्या कचेरीत यादीवाल्या साहेबांच्या टेबलाशी गेले. त्यांनी दोन्ही ठराव शेजारी ठेवले आणि चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "आजी, पहिल्यात आहे, दुसऱ्यात नाही. नक्की काय?"

"न्हाय."

"तसं लिहून द्या."

शाळेचं तोंड न पाहिलेली बाई मी. पोरांच्या पाटीवर जे शिकले, तेवढंच. लिहिलं, 'नर्स आलेली नाही. आधीचं मी चुकीचं सांगितलं.' खाली सही केली. त्यांनी शिक्का मारून पोच दिली आणि गावाचं नाव यादीत परत घातलं, पण सगळ्यात खाली.

आता सुनेला आठवा लागलाय. जीपवाल्याला सांगून ठेवलंय, कधीही बोलावलं तरी ये. आशाताईनं कुठूनसं बीपीचं मशीन मिळवलंय, ती एक दिवसाआड येऊन बघते. आणि मी रोज सकाळी कचेरी उघडायच्या वेळेला त्या साहेबांना फोन लावते. परवा म्हणाले, वर तीनच गावं उरलीत. काल उचललाच नाही. आज दोनदा लावला, लागला नाही, आता परत लावते.