आठ किलोचा नांगर

"साहेब, बोट चालून राहिली," वल्ह्यावरचा लक्ष्मणभाऊ म्हणाला.

"मग? बोट चालणार नाही तर काय करेल?" एसडीओ साहेबांचं लक्ष टिफिनच्या डब्यात होतं.

"पण आपण नांगर टाकला ना बाप्पा!"

मी काठावरचा चुना लावलेला खांब पाहिला. मघा तो माझ्या खांद्याच्या रेषेत होता, आता बराच मागं गेला होता. पुढं होता सांडवा. तलाव भरला की जास्तीचं पाणी ज्या भिंतीवरून वाहून जातं, तो सांडवा. त्या दिवशी त्यावरून वीतभर पाणी पडत होतं, आणि खाली दगड. मला पोहता येत नव्हतं. साहेबांनाही नव्हतं. ऑफिसात हे आम्ही दोघांनीही कोणाला सांगितलं नव्हतं.

मी तेव्हा सौंसरला पाटबंधारे खात्यात सब-इंजिनिअर होतो. ऐंशीनंतरची दोन-तीन वर्षं असतील. मोहगावच्या पुढच्या तलावात गाळ किती बसला ते मोजायचं होतं. याला साउंडिंग म्हणतात. वजन बांधलेला, फुटांच्या खुणा केलेला दोर पाण्यात सोडायचा, खोली लिहायची, पुढच्या जागी जायचं. काम सोपं. फक्त मोजताना बोट जागेवर थांबली पाहिजे, आणि त्यासाठी नांगर पाहिजे.

आमच्या भागात संत्र्याचं सगळं कळतं. बोटीच्या नांगराचं कोणालाच कळत नव्हतं. बोबडे साहेब, म्हणजे आमच्या उपविभागाचे एसडीओ, त्यांना मात्र खात्री होती.

"जहाजाला असतो तसा करा. पन्नास किलोचा. दणकट!" म्हणत त्यांनी सिगारेटच्या पाकिटावर चित्र काढून दिलं.

मी पांढुर्ण्याला शेतीची अवजारं घडवणाऱ्या गुलाबराव मिस्त्रींकडं गेलो.

"नांगर पायजे," मी म्हणालो.

"लाकडी का लोखंडी? बैलं कशी हायत?"

"बैलं नाहीत. बोटीला पाहिजे."

गुलाबरावांनी आधी माझ्या तोंडाचा वास घेतला, मग चित्र पाहिलं. चार दिवसांत वस्तू तयार झाली. बसच्या टपावर चढवताना कंडक्टरनं विचारलं, "कोणत्या देवाचं हाय?"

दोर ऑफिसातलाच होता, तीस फुटी. "पाणी पंचवीस फूट, दोर तीस फूट. पाच फूट शिल्लक!" साहेबांनी आकडेमोड करून दाखवली. मी मान डोलावली. नोकरी नवी होती.

आणि आता आम्ही पाच फूट शिलकीसकट सांडव्याकडं निघालो होतो.

लक्ष्मणभाऊ त्याच तलावात मासे धरणारा माणूस. त्यानं दोर हलवून पाहिला. "रुतलाच नाई. नुसता घसटत येऊन राहिला."

आम्ही दोघांनी नांगर वर ओढायला घेतला. पन्नास किलो एका कडेवर आल्याबरोबर बोटीचं नाक खाली गेलं आणि पाणी आत आलं.

"दोर कापतो!" लक्ष्मणभाऊनं विळा काढला.

"अरे, सरकारी नांगर आहे!" साहेब ओरडले.

"साहेब, आपण बी सरकारीच हाव ना!"

दोर कापला. लक्ष्मणभाऊ ओढीच्या उलट गेला नाही, तिरपा काठाकडं वल्हवत गेला. मी दुसऱ्या वल्ह्यानं पाणी नुसतं मारत होतो. साहेब टिफिनमधली भाजी फेकून डब्यानं बोटीतलं पाणी उपसत होते. सांडवा चाळीस फुटांवर असताना काठची, कुठंही माजणारी बेशरमाची झुडपं हाताला लागली. तिघांनी ती गच्च धरली. त्या झाडाला मी पुन्हा कधी नावं ठेवली नाहीत.

काठावर बसून साहेबांनी रिकामा डबा पुसला. मग म्हणाले, "पुढचा शंभर किलोचा करा."

मी परत गुलाबरावांकडं गेलो, पण माप सांगितलं नाही. घडलेलं सांगितलं.

"शेतातला नांगर काय वजनानं रुतते?" ते म्हणाले. "आडवा ओढला का फाळ जमिनीत घुसते. वर उचलला का निंघून येते. तुमी तं आखूड दोरानं त्याले विहिरीतल्या बादलीसारखं वर ओढून राहिले!"

दुकानामागं त्यांचं ओलं वावर होतं. एक जुना फाळ घेऊन आम्ही प्रयोग केला. दोर आखूड धरून ओढला, फाळ उडी मारून बाहेर. लांबून ओढला, फाळ मातीत, आणि मी तोंडावर. मग दोराच्या फाळाकडच्या टोकाला त्यांनी हातभर साखळी जोडली. साखळी वजनानं जमिनीवर पडून राहिली, ओढ आडवीच राहिली. साखळीचं काम तेवढंच. बोटीनं हिसका मारला तर आधी साखळी उचलली जाते, नांगर नाही.

आता निवड सोपी झाली. तळाला मऊ गाळ, म्हणून पाती रुंद पाहिजेत. ट्रकच्या कमानीच्या, म्हणजे स्प्रिंगच्या, पट्ट्यांची दोन पाती, आणि नांगर पालथा पडू नये म्हणून एक आडवा दांडा. वजन आठ किलो. साखळी गोठ्यातली घेतली असती तर हलकी पडली असती, ट्रक ओढायची घेतली असती तर बोटीचं नाक पुन्हा खाली. आरा मशीनवर ओंडके बांधायची पंधरा फूट घेतली. दोर दीडशे फूट, खोलीच्या सहापट.

"हे काय?" साहेब म्हणाले. "पन्नास किलोनं धरलं नाही, हे धरेल?"

"तो धरत नव्हता साहेब, नुसता पडून होता."

"मग तूच बस."

कमरेला ट्रकची फुगवलेली ट्यूब बांधून मी बसलो. लक्ष्मणभाऊनं बोट सांडव्यापासून लांब नेली. नांगर तळाला टेकला तसा दोर सोडत गेला. वारा होता. बोट मागं सरकली. आणखी सरकली. मी ट्यूब दोन्ही हातांनी धरली. मग एक हिसका बसला, नाक वाऱ्याकडं वळलं आणि बोट थांबली. काठावरचं बाभळीचं झाड आणि मागचं देऊळ एका रेषेत होतं, ते तसंच राहिलं. तासभर.

"हलते का?" काठावरून साहेब.

"नाही साहेब!"

"जरा हलवून बघा!"

आम्ही हलवून पाहिली. हलली नाही. लक्ष्मणभाऊनं बिडी पेटवली. त्याच्याकडून एवढं सर्टिफिकेट पुरेसं होतं.

बारा दिवसांत साउंडिंग झालं. वरचे साहेब तपासणीला आले, बोटीत बसले, खुश झाले. "किती किलो?" त्यांनी विचारलं. "आठ," बोबडे साहेबांनी पुढं होऊन सांगितलं, जणू स्वतः वितळवून ओतला होता. महिन्याभरात सर्क्युलर निघालं: सर्व तलावांवर आठ किलोचाच नांगर, पंधरा फूटच साखळी आणि दीडशे फूटच दोर वापरावा.

पुढं एका डोंगरी तलावावरून पत्र आलं. नांगर सर्क्युलरप्रमाणे, साखळी सर्क्युलरप्रमाणे, दोर सर्क्युलरप्रमाणे, तरी बोट थांबत नाही. त्यांच्या तळाला सपाट खडक होता.

मी उत्तर पाठवलं, "आधी तळ पाहावा." बोबडे साहेबांनी त्यावर सही केली आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "नंतर सर्क्युलर."